तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांना वेगळी सोय कशाला?

"दवाखाना सगळ्यांना फुकट आहे ना तिकडे? मग तिथल्या मूळ रहिवाशांसाठी कॅन्सरचं वेगळं काम कशाला?" मंडळाच्या गणपतीत, बार्शीहून येणाऱ्या फोनवर, परवा एका लग्नात, हा प्रश्न मला येतोच. उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मी मध्य ऑस्ट्रेलियात, अ‍ॅलिस स्प्रिंग्जला नर्स आहे. आमचा दवाखाना अ‍ॅबोरिजिनल लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, स्वतः चालवतात, कारभार त्यांच्याच मंडळाकडे आहे. असा पहिला दवाखाना १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात सुरू झाला. आज देशभर असे १४० हून जास्त आहेत.

मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड सगळ्यांकडे आहे, हे तुमचं खरंच. तरीही या समाजात आज सगळ्यात जास्त मृत्यू कॅन्सरने होतात. फुफ्फुसाचा कॅन्सर सगळ्यात पुढे. सिगारेट ओढतात म्हणून होतो, असं चटकन म्हणून टाकतात लोक. पण गुरांच्या मोठमोठ्या फार्मवर यांच्या आज्या-आजोबांना पगाराच्या जागी पीठ, साखर, चहा आणि तंबाखू मिळायची. ते व्यसन असं घरात आलेलं आहे. आणि सुटतंयसुद्धा: रोज ओढणाऱ्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये ३७ टक्के होतं, ते २०२२-२३ मध्ये २९ टक्क्यांवर आलं. गावोगाव समजावत फिरणारी माणसं त्यांच्यातलीच होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, हॉस्पिटलची भीती. सरकारने पिढ्यान्‌पिढ्या यांची मुलं आईबापांपासून तोडून नेली, काही तर थेट हॉस्पिटलमधून. १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत त्याची माफी मागितली गेली. ज्या बाईने हे आपल्या आईच्या तोंडून ऐकलंय, ती गाठ हाताला लागली म्हणून धावत हॉस्पिटल गाठेल का?

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका मोठ्या हॉस्पिटलने आमच्या एका पेशंटला तारखेचं पत्र पाठवलं. इंग्रजीत, आणि ज्या पत्त्यावर ती वर्षातले चार महिने नसते त्या पत्त्यावर. ती गेली नाही. फाइलवर शेरा पडला: 'हजर राहिली नाही.' त्या आठवड्यात ती भावाच्या सॉरी बिझनेसला होती. घरात मृत्यू झाला की सगळं गोत जमतं, दिवसच्या दिवस दुखवटा चालतो, गेलेल्याचं नावही घेत नाहीत. तिथून उठून स्कॅनला जाणं तिच्या लेखी शक्यच नव्हतं. एक फोन आमच्याकडे केला असता, तर आम्ही तारीख बदलून घेतली असती. मला त्या शेऱ्याचा आजही राग येतो.

आणि अंतर. रेडिएशनसाठी इथून डार्विन १५०० किलोमीटर उत्तरेला, अ‍ॅडलेड जवळपास तेवढंच दक्षिणेला. डार्विनची सोय तरी २०१० मध्ये झाली, तोवर अ‍ॅडलेडच. आठवडेच्या आठवडे आपल्या भूमीपासून लांब, आपली भाषा बोलणारं कोणी नाही. आपण इथेच मेलो तर, हा विचार त्यांना कॅन्सरपेक्षा जास्त छळतो. म्हणून सोबत घरचं माणूस जाणं, दुभाषी मिळणं, राहायची जागा आधी ठरणं, हे सगळं औषधाइतकंच महत्त्वाचं.

आता एक चांगलं सांगते. आमच्या हेल्थ वर्करला सगळे 'आंटी' म्हणतात, आपण मानाने मावशी म्हणतो तसं. तिच्याबरोबर मी पहिल्यांदा एका वस्तीवर गेले, तेव्हा झाडाखाली बसलेल्या एका आजीने आजाराचं काही बोलायच्या आधी मला विचारलं, "तुझी माणसं कुठली?" मला एकदम गावची एसटी आठवली. कुणाची, कुठली, हे कळल्याशिवाय आपल्याकडे तरी पुढचं बोलणं कुठे होतं! मी म्हणाले, बार्शीची. तिने दोनदा म्हणून पाहिलं.

मग आंटीने पिशवीतून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची बंद नळी काढली. आत एक लांब काडी, टोकाला मऊ बोळा. "डॉक्टरसमोर झोपायचं नाही. आत जा, दार लाव, काडी थोडी आत घालून फिरव, नळीत ठेव." आजी नळीकडे बघत राहिली. "एवढंच?" "एवढंच." परक्यासमोर, त्यातून पुरुषासमोर, उघडं होण्याला इथल्या बायका 'शेम' म्हणतात. तो शब्द आला की विषय संपतो. ती आडकाठीच या काडीने दूर झाली. जुलै २०२२ पासून २५ ते ७४ वर्षांच्या कुठल्याही बाईला ऑस्ट्रेलियात ही चाचणी अशी स्वतःची स्वतः करता येते.

या चाचणीशी माझं नातं जुनं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. माझ्या मामीच्या गावातही नावं लिहून घेणाऱ्या बायका आल्या होत्या. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो विषाणू; आयुष्यात एकदाच केलेल्या त्याच्या चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे २००९ मध्ये त्यातून जगापुढे आलं. ऑस्ट्रेलियाने पॅप ही पेशी तपासायची जुनी चाचणी सोडून हीच चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये घेतली. मामीच्या गावातही दारात आधी ओळखीचीच बाई उभी राहिली होती, हे मी विसरलेले नाही.

आणि आता मी विचारते. मंडळातल्या किती जणींनी ही चाचणी केलीय? लाजेपोटी राहिली असेल तर तुमच्या डॉक्टरकडे ती काडी मागा.

आजीचा रिपोर्ट चांगला आला. पुढच्या खेपेला ती झाडाखालीच होती, शेजारी दोन बहिणी आणि एक सून. मला लांबूनच हाक मारली, "ए बार्शी, यांनाही दे ते."