तुम्ही विचारलेत म्हणून: मी कन्नडमध्ये अर्ज का लिहून देते

लग्नाच्या मांडवात, बेळगाव सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ आम्ही मराठी लोक १ नोव्हेंबरला पाळतो त्या काळ्या दिनाच्या फेरीत, अगदी बसथांब्यावरही मला एकच प्रश्न विचारला जातो: आजोबांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आणि तू गावातल्या लोकांना कन्नडमध्ये अर्ज लिहून देतेस, हे कसे? आजवर मी ‘गरज म्हणून’ एवढेच सांगून विषय संपवत आले. ते उत्तर अपुरे आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

शाळेत कन्नड हा विषय होताच, पण तो मी जाणूनबुजून पास होण्यापुरता केला. कन्नड न येणे हीच निष्ठा, असे मी मानत होते, आणि त्या मुलीला मी आजही पूर्ण चुकीची ठरवू शकत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला, तेव्हा खानापूर तालुक्यातले आमचे मातीच्या भिंतींचे घर चार दिवस पावसात भिजत राहिले. पाचव्या दिवशी पहाटे मागची भिंत पडली आणि संध्याकाळपर्यंत आढे खाली आले. मी तेव्हा वीस वर्षांची होते, पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) बेळगावात एका कापडदुकानात हिशेब लिहीत होते आणि पुढे काय करायचे ते मला ठाऊक नव्हते. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले होते. यादीत मात्र आमच्या नावापुढे ५० हजार लागले. पंचनाम्यावर आप्पांची मराठीत सही होती, कारण ‘पडझडीची नोंद केली आहे, सही करा’ एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. कचेरीत आप्पा पुन्हा पुन्हा मराठीत सांगत राहिले आणि समोरचे साहेब मान वर न करता ‘कन्नडदाग हेळ्री’ (कन्नडमध्ये सांगा) म्हणत राहिले. मी तो पंचनामा मागून घेतला. अक्षरे जुळवत जाताना एका शब्दाशी अडले, कारण पहिले अक्षर ‘ब’ आहे की ‘भ’, हेच कळेना. कन्नडमध्ये त्या दोहोंत पायाशी असलेल्या एका बारीक उभ्या रेघेचा फरक असतो. कागद उजेडात धरल्यावर ती रेघ दिसली. भा, ग, शः. भागशः हानी. लहानपणापासून माझ्या भाषेत असलेला शब्द दुसऱ्या लिपीत लिहिला गेला आणि त्याने आमचे साडेचार लाख रुपये कापले होते. ‘भागशः अल्ल, मनी पूर्ती बिद्दैती’ (भागशः नाही, घर पूर्ण पडले आहे), मी बाजारात कानावर पडलेल्या कन्नडमध्ये म्हणाले, आणि माझा आवाज इतका चढला की कचेरी शांत झाली. माझे पाय थरथरत होते. रांगेतल्या एका आज्जीने आपला कागद माझ्या हातात ठेवला, मग तिच्यामागच्याने. त्या दुपारी मी ११ कागद वाचले. त्यांतल्या चारांवर तोच शब्द होता.

पुढे फेरपाहणी झाली, शेरा बदलला, पैसे हप्त्याहप्त्याने आले. मी दुकान सोडले आणि कायद्याच्या शिक्षणाला लागले.

तू शरण गेलीस, असे काही जण म्हणतात. सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आप्पांचे छप्पर त्या निकालापर्यंत थांबणार नव्हते, हे मी त्यांना सांगते. परंतु राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. म्हणजे त्या टेबलावर आप्पांचे मराठी ऐकले जाणे हा त्यांचा हक्क होता, आणि मी कन्नडमध्ये बोलून तो तिथेच सोडून दिला. हे मला वर्गात त्या कलमाशी आल्यावर कळले आणि रात्रभर झोप लागली नाही. प्रत्येकाने असेच अडचणीपुरते भागवले, तर मराठीत कागद मागणार कोण, हा आजोबांचा प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की मला कन्नड आवडू लागले आहे, आणि ते मी घरात सांगितलेले नाही.

आता मी प्रत्येक अर्ज दोन्ही भाषांत लिहिते आणि दोन्हींची पोच मागते. गेल्या महिन्यात एका कचेरीने कन्नड प्रतीवर शिक्का मारला आणि मराठी प्रत कोरीच परत दिली. ती आजोबांनी मागून घेतली, घडी घातली आणि आंदोलनाच्या कात्रणांबरोबर ट्रंकेत ठेवली. शिक्क्याच्या प्रतीकडे त्यांनी पाहिले नाही आणि मीही ती त्यांच्यापुढे धरली नाही.