दिवाळीच्या तोंडावर साइट बंद पडली तेव्हा

गिरगावातल्या एक काकू परदेशात फराळ पाठवतात. कुरियर वेळेत पोचायचं तर ऑर्डरी दिवाळीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत येतात, त्याही आपल्या रात्री, कारण निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक अमेरिकेतलं. नेमक्या त्याच दिवसांत एका सकाळी मी दादरला ऑफिसात शिरतेय तोच त्यांचा फोन. "अगं, बॉस्टनहून भाची सांगतेय, साइट उघडतच नाही. अकाउंट सस्पेंडेड असं काहीतरी दिसतंय."

साइटचं काम आमच्याकडे असलं तरी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा, जुनंच होतं, स्वस्तातलं आणि 'अनलिमिटेड'. या अनलिमिटेडमध्ये जागा आणि बँडविड्थ, म्हणजे डेटाची ये-जा, येते. प्रोसेसर, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस (सर्व्हरवरची कामं) यांना मर्यादा असते, ती अटींच्या पानावर कुठेतरी खाली लिहिलेली. रात्री चकल्या-अनारशांवर झुंबड उडाली, मर्यादा ओलांडली आणि कंपनीने कुलूप घातलं. शेअर्ड सर्व्हरवर एकाच मशीनवर शेकडो साइट नांदत असतात, त्यामुळे इतरांना झळ बसू नये ही काळजी मला पटते. पण आधी एक इशारा तरी द्यायचा! ऐन हंगामात न विचारता दुकान बंद करणं मला आजही मान्य नाही.

खरी अडचण पुढे आली. तक्रारीचं तिकीट टाकायला लॉगिन हवं, लॉगिनला ओटीपी हवा, आणि तो जाणार दुकानाच्या नावाच्या ईमेलवर. तो मेलबॉक्स त्याच बंद अकाउंटवर! फोनवरचा मुलगा एकच वाक्य म्हणत राहिला, "मॅडम, रजिस्टर्ड ईमेलवरूनच."

वाचवलं ते डोमेनने, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाने. काकूंच्या यजमानांनी ते पूर्वी वेगळ्या कंपनीकडे, काकूंच्या नावाने आणि त्यांच्या घरच्या जीमेलवर घेतलं होतं. तिथे शिरून नेमसर्व्हर (हे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे) बदलले, एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची त्याची नोंद) दुसऱ्या मेल सेवेकडे वळवला आणि तोच पत्ता नव्याने उघडला. असा बदल जगभर पोचायला वेळ लागतो. तोवर आमच्या सर्व्हरवर भावपत्रक आणि व्हॉट्सॲप नंबर असलेलं साधं पान चढवलं. दुपारी नव्या मेलबॉक्समध्ये ओटीपी येऊन पडला. डोमेनही होस्टिंगवाल्याकडेच असतं, तर आम्ही हात बांधून बसलो असतो. म्हणून ही दोन्ही एका ठिकाणी ठेवू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

संध्याकाळी होस्टिंगवाल्यांनी अकाउंट तात्पुरतं उघडलं. त्यांचा 'रोजचा बॅकअप' साइटच्याच मशीनवर होता, म्हणजे मशीन गेलं की दोन्ही जाणार. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता अशा कितीतरी जणांचा डेटा कायमचा गेला. मी डेटाबेस आणि फोटो आधी उतरवून घेतले, मगच काकूंना फोन केला.

"आता चांगली कंपनी कुठली ते सांग," काकू म्हणाल्या. ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे तेवढा वेळ साइट चालू राहील, असं सगळेच लिहितात. त्याचा हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहूनही शब्द पाळल्यासारखा होतो, आणि मोडला तरी भरपाई बहुधा होस्टिंगच्या भाड्यातूनच, बुडालेल्या ऑर्डरींची नाही. म्हणून मी आकड्यांवर भर दिला नाही. दोन कंपन्यांकडे चाचणीची साइट चढवली, एक फोल्डर मुद्दाम उडवलं आणि विचारलं, कालची प्रत परत आणून द्याल का? एकीने दरपत्रकाची लिंक पाठवली. दुसरीच्या माणसाने, तेही रात्री उशिरा, वेगळ्या ठिकाणच्या बॅकअपमधून फोल्डर जागेवर ठेवलं आणि प्रोसेसरची मर्यादा आकड्यांत लिहून दिली. ओलांडली तर आधी मेल येईल, साइट हळू होईल, बंद होणार नाही, हेही.

सर्व्हर मुंबईतलाच हवा, असा काकूंचा आग्रह होता. गिऱ्हाईक बॉस्टन-न्यू जर्सीचं, त्यांना तो उलट लांबच पडला असता. फोटो सीडीएनवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फोटो दाखवणाऱ्या सेवेवर, टाकले, सर्व्हर अमेरिकेतला घेतला. काकूंना हे पटायला वेळ लागला. मेल मात्र होस्टिंगपासून वेगळी ठेवायची हे त्यांनी लगेच मान्य केलं आणि डोमेन-होस्टिंगच्या नूतनीकरणाच्या तारखा स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहून घेतल्या.