मस्टरची सातवी ओळ

३१ मे २०२४, शुक्रवार

मध्य रेल्वेने काल मध्यरात्रीपासून ६३ तासांचा ब्लॉक घेतलाय. ठाण्याचा पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करतायत. शक्य असेल तर प्रवास टाळा म्हणे. मला कुठलं शक्य? आज आमच्या जीवशास्त्र विभागात सर विभागप्रमुखपदाचा चार्ज देणार, मॅडम घेणार आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेतले मामा सेवानिवृत्त होणार. दोन्हींचे कागद माझ्या टेबलावर. डोंबिवलीहून साडेपाचला घर सोडलं, विभागात पोचले साडेनऊला. मामा आधीच हजर. विरारच्या माणसाला आज मिरवायची संधी होती. "आमची वेस्टर्न बघा ताई," म्हणाले.

मामांचा खरा वाढदिवस कोणालाच ठाऊक नाही, त्यांनाही नाही. राजापूरकडच्या शाळेत गुरुजींनी १ जून लिहून टाकला. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस तोच. त्यात एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला नारळवाल्यांची चांदी. "गुरुजींनी दोन तारीख टाकली असती तर जूनचा पगार मिळाला असता," हे मामांचं गेल्या चार-पाच वर्षांतलं ठरलेलं वाक्य. आज मात्र ते म्हणाले नाहीत.

मी २००५ साली कनिष्ठ लिपिक म्हणून इथे आले. तेव्हापासून सहा प्रमुख झाले, आजच्या मॅडम सातव्या. बाहेरच्यांना वाटतं विभागप्रमुख म्हणजे मोठा साहेब. प्रत्यक्षात पद आळीपाळीचं, तीन वर्षांचं. कोणाला नेमता येत नाही, कोणाचा पगार वाढवता येत नाही. ज्यांच्या रजेच्या अर्जावर आज शेरा मारायचा, त्यांच्यातलाच एक उद्या आपल्या अर्जावर मारणार. त्यामुळे कोणाला दुखवायचं नाही आणि कुठे अडकायचं नाही, या दोन कलमांवर तीन वर्षं निघतात. बाकी मग वेळापत्रक, पीएचडीच्या मौखिकीला येणाऱ्या परीक्षकांचं तिकीट, खरेदी समितीची तीन कोटेशनं, मार्चमध्ये प्रकल्पांची उपयोगिता प्रमाणपत्रं. एक प्रमुख न वाचता सही करायचे. एक वाचून सही करायचे नाहीत. आमच्या या सरांनी पेशींवर फार चांगलं काम केलंय, विद्यार्थी जीव टाकतात त्यांच्यावर. पण टिपणीच्या खाली 'चर्चा करावी' लिहून फाइल परत पाठवायची खोड. चर्चा कोणाशी, ते कधी कळलं नाही.

साडेअकराला चार्ज सुरू झाला. माझी यादी तयार होती: डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), आवक-जावक, शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या फाइली, प्रलंबित प्रकरणं, शिक्के. सरांनी पेन उघडलं. मॅडम म्हणाल्या, "सही करते, पण आधी वस्तू बघू या."

आजवर कोणी वस्तू बघितल्या नव्हत्या. सर घड्याळाकडे बघायला लागले. मी मामांकडे बघितलं, तर त्यांनी जुडगा काढलेलाच होता. ४२ चाव्या, तारेच्या कड्यात ओवलेल्या. काहींना लाल दोरा, काहींना हिरवा, एकीला सलाइनच्या नळीचा तुकडा. एकीवरही नंबर नाही. मी पुठ्ठ्याच्या चकत्या कापत गेले आणि मामा सांगतील तसं लिहीत गेले.

जुन्या प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं कपाट उघडलं, तर आत विच्छेदनाच्या मेणाच्या थाळ्या, एकावर एक रचलेल्या. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये बंदच करायला लावलं. दहा वर्षं झाली. थाळ्यांचं मेण उन्हाळ्यात मऊ होतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. मामा एक थाळी हातात घेऊन मॅडमना सांगत होते, पूर्वी परीक्षेच्या दिवशी पहाटे ससून डॉकला जाऊन छोटे मुशी मासे आणायचे, बर्फात घालून, लोकलच्या लगेजच्या डब्यातून. "लोक लांब सरकायचे. जागा मिळायची बसायला." थाळीवर टाचण्यांची भोकं अजून तशीच होती, मधोमध एक रांग आणि दोन्ही बाजूंना पसरलेली. मॅडमनी त्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "मी इथेच शिकलेय मामा. तुम्ही मला डोकं फुटलेला मासा दिला होता परीक्षेला." मामांनी थाळी खाली ठेवली. "मग बदलून नव्हता का दिला?"

"याचं निर्लेखन का नाही केलं?" मॅडमनी मला विचारलं. म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकणं. सहा प्रमुखांची नावं कशी घेणार? निर्लेखनाला समिती लागते, समितीच्या सह्या लागतात आणि लेखापरीक्षणात प्रश्न आला तर सही करणाऱ्याला बोलावतात. वस्तू पडून राहिली तर कोणालाच बोलावत नाहीत. मी एवढंच म्हटलं, "प्रलंबित यादीत अनुक्रमांक चार आहे, मॅडम."

पुढे अल्कोहोलचं कपाट. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि प्रत्येक मिलिलिटरचा हिशोब वहीत. मामांच्या हातची वही, आकडे मोत्यासारखे, मराठीत. मॅडम हसल्या, "म्हणजे आता मी दारूच्या वहीवर सही करणार?" सर पहिल्यांदाच मोकळे हसले. "तीन वर्षं मी केली."

मग उणे ऐंशीचा फ्रीझर. याच्यापाशी मामा थांबले. दारावर त्यांच्याच अक्षरातला कागद: 'विनाकारण उघडू नये.' त्या कागदाखाली अजून एक पिवळा पडलेला कागद आहे, तो मला माहीत आहे, कारण तो लिहिला तेव्हा मी विभागातच होते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी नोकरीला लागून पाच महिने झालेले. संध्याकाळी वीज गेली. गाड्या बंद, बाहेर छातीएवढं पाणी. बाकीचे घरी फोन लागत नाही म्हणून रडकुंडीला, मीसुद्धा, आणि मामा फ्रीझरच्या हँडलला सुतळी बांधत होते. बंद राहिला तर थंडी बरेच तास धरून ठेवतो, दर अर्ध्या तासाने "बघू या जरा" करणारी माणसंच त्याला मारतात, असं त्यांचं म्हणणं. एक संशोधक विद्यार्थी खरंच नमुने बघायला आला, तर त्याला दाराशीच अडवला. त्या रात्री आम्ही सगळे विभागातच झोपलो. मामा फ्रीझरसमोर, दोन स्टुलं जोडून. आतले नमुने किती वाचले ते मला कळणाऱ्या भाषेत कोणी सांगितलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तेव्हाच्या प्रमुखांनी मामांना आपल्या डब्यातला लाडू दिला, एवढं डोळ्यांनी पाहिलं.

आज मामा मॅडमना सांगत होते, "हा वाजतो दोन तऱ्हांनी. लांब वाजला तर दार नीट लागलेलं नाही. तुटक वाजला तर मला..." इथे अडले. मग म्हणाले, "तर कंपनीला फोन करायचा. नंबर मागे चिकटवलाय." मी चकतीवर चावीचं नाव लिहीत होते, लिहीतच राहिले.

त्यांच्या जागी कोण? कोणी नाही. आस्थापना विभागाकडे तीन पत्रं गेली, उत्तर एकच, पद रिक्त ठेवावे. माझ्या खोलीत तीन खुर्च्यांवर माणसांऐवजी फाइली बसतात, आता चौथी. कंत्राटी मुलगा मिळेल कदाचित, अकरा महिन्यांसाठी. चांगला असला तर दुसरीकडे जाईल.

शेवटी एक चावी उरली, पितळेची, छोटी. सगळी कुलपं लावून बघितली. सरांनी त्यांच्या खोलीतली जुनी पेटीही आणली. नाही. मामा म्हणाले, मी आलो तेव्हाही जुडग्यात होती, माझ्या आधीच्यालाही माहीत नव्हतं. सर म्हणाले, टाकून द्या. मामांनी हात मागे घेतला. मॅडम म्हणाल्या, "लिहा, अनुक्रमांक ४२, पितळी चावी, कुलूप आढळले नाही." तसं लिहिलं. 'दिला' खाली सरांची सही, 'घेतला' खाली मॅडमची, दि. ३१ मे, मध्यान्होत्तर. सरांनी त्यात 'चर्चा करावी' लिहिलं नाही हे नशीब.

निरोप समारंभ वीस मिनिटांचा. शाल, श्रीफळ, वेफर्स, एकाचं लांबलेलं भाषण. मामांनी नारळ पिशवीत टाकला, शाल घडी करून वर ठेवली आणि नेहमीसारखे पंखे बंद करत गेले.

परतीला दादरला दोन गाड्या सोडल्या, तिसरीत कशीबशी घुसले. ठाण्याच्या आधी गाडी पाऊण तास उभी. तेव्हा आठवलं, जूनचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, मी परवाच आखून ठेवलंय. सवयीने सातव्या ओळीत मामांचं नाव लिहून गेलेय, तेही शाईने. खोडलं तर बाजूला प्रमुखांची सही घ्यावी लागेल. सोमवारी मॅडम आल्या की पहिलं तेच.