पर्समधला आकडा

माझ्या पर्समध्ये एक लोखंडी आकडा असतो. इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला, बोटाएवढा, वर निळ्या प्लॅस्टिकचं वेष्टण. सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या बाईला तो कशाला लागतो हे सांगावं लागत नाही. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकायला मिळालं तरी पर्स, डबा आणि छत्री एका मांडीवर मावत नाहीत, आणि उभं राहायचं असेल तर मांडीचाही प्रश्न नाही. आकडा वरच्या रॅकच्या दांडीला अडकवायचा, त्यात पर्स, की दोन्ही हात मोकळे. मला तो डब्यातच मिळाला, टिकल्या-क्लिपा विकणाऱ्या मुलीकडे, २० रुपयांना. "टिकेल का गं?" असं विचारलं तर म्हणाली, "ताई, माझा माल कशावर लटकलाय बघा की." वर पाहिलं, तर तिची पाच-सहा किलोंची पिशवी तसल्याच दोन आकड्यांवर हेलकावे खात होती.

तेव्हापासून मी तो आकडा निदान दहाजणींच्या गळ्यात मारला आहे. मला ही खोडच आहे. एखादी वस्तू आवडली की समोरच्याने विचारो न विचारो, मी सांगत सुटते. पण वस्तू सुचवणं हे लग्न जमवण्यासारखं आहे. संसार सुखाचा झाला तर मध्यस्थाची आठवण कोणी काढत नाही. बिनसलं की पहिला फोन त्यालाच.

माझ्या सांगलीच्या मावशीचा असा फोन आला होता. मी तिला दोरी ओढायचा चॉपर घ्यायला लावला होता. "अगं, कांदेपोह्यांना कांदा घातला त्यात, तर कांद्याची चटणी झाली. पोहे ओले गिच्च. तुझे काका म्हणाले, आज उपमा केलास का?" किती वेळा ओढलीस दोरी, म्हणून विचारलं. "होतील वीसेक वेळा. कळतंय का झाकणाखालचं?" पाच-सहा हिसके पुरतात, हे सांगायचं मी विसरले होते. पण खरं तर तेवढ्याने भागलं नसतं. विळीवर कांदा सरळ एकदा कापला जातो. चॉपरमध्ये पाती त्याच कांद्यावर पुन्हा पुन्हा फिरतात, त्यामुळे तो कापला जातो त्याहून जास्त चेचला जातो, आणि त्याला पाणी सुटतं. मावशी साठ वर्षं विळीवर बसली आहे. तिच्या हाताचा कांदा पाहूनसुद्धा मी तिला चॉपर सुचवला, हे माझंच चुकलं. आता ती त्यात फक्त भाजलेले दाणे भरडते आणि त्यापुरतं मला माफ करते.

याउलट बॅग वजन करायचा हातातला काटा. हा मी डोळे मिटून कोणालाही सांगते. वर मूठ, खाली पट्टा, मध्ये आकडे दाखवणारी छोटी खिडकी. पट्ट्यात बॅगेचा कान अडकवायचा, उचलून धरायची, टुंग वाजलं की वजन. आत धातूची एक पट्टी असते, ती भाराने डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध त्यामुळे जरासा बदलतो, आणि काटा त्या बदलाचे ग्रॅम करतो. एवढीशी युक्ती, पण ज्यांच्या घरातलं कोणी अमेरिकेत आहे त्यांना तिची किंमत विचारा. माझी नणंद न्यू जर्सीला असते. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. काटा नव्हता तेव्हा नवरा बॅग कवटाळून वजनकाट्यावर उभा राहायचा, मग बॅग ठेवून नुसता उभा राहायचा, आणि वजाबाकी करायची. त्यात बॅगेचं वजन कळायचंच, पण नवऱ्याचंही साऱ्या घरादारासमोर जाहीर व्हायचं. काटा आणायची घाई त्यालाच जास्त होती.

नव्या काट्याची पहिली रात्र मात्र विसरण्यासारखी नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या, पातळ पोह्यांचा चिवडा आणि सासूबाईंच्या हट्टाखातर एक दगडी खलबत्ता. उचललं तर काटा म्हणे ४८! सगळे गप्प. नणंद म्हणाली, "आई, खलबत्ता राहू दे." सासूबाई म्हणाल्या, "खलबत्ता जाईल. कपडे तिकडे मिळत नाहीत का?" मग कपडे निघाले, चिवडा निघाला, चकल्यांचा डबा निघाला. एकदाचे २३ आले, तेव्हा बॅगेत खलबत्ता, थोडी भाजणी आणि एक शाल एवढंच होतं. भाच्याने काटा हातात घेऊन बारीक डोळे केले. "मामी, हे पौंडात दाखवतंय." मागचं बटण कोणाच्या तरी अंगठ्याखाली दाबलं गेलं होतं. म्हणजे आम्ही जवळजवळ २२ किलोंची, अगदी नियमात बसणारी बॅग उपसून साडेदहा किलोंवर आणली होती. सगळं परत भरलं. चकल्यांचा तेवढ्यात चुरा झाला, तो रात्री एक वाजता आम्ही चहाबरोबर खाल्ला. तेव्हा काटा घ्या जरूर, फक्त खिडकीच्या कोपऱ्यातली अक्षरं आधी वाचा. आणि पॉवर बँक त्या मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्याच सामानात लागते. २० हजार एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे तेवढी खुशाल न्या.

डोक्याला बांधायची बॅटरीही मी अशीच वाटत फिरते. ट्रेकवाल्यांची वस्तू म्हणून घरोघर तिची हेटाळणी होते. पण सिंकखालचा पाइप चोंदला की एका हातात पाना, दुसऱ्या हातात बादली, मग मोबाइलचा दिवा काय दातांत धरायचा? तीन बारीक पेन्सिल सेलवर एवढा पांढरा उजेड पडतो तो निळ्या एलईडीच्या कृपेने. पिवळ्या लेपातून गेला की तोच निळा प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. तो निळा दिवा बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या मजल्यावरच्या काकांना हे सांगितलं, तर माळ्यावरून गणपतीचं मखर उतरवता उतरवता ते म्हणाले, "रास्त आहे."

मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ मी सुचवत नाही. पोळ्या लाटताना ते माझी पावलं मोजतं. हळदीकुंकवाच्या स्वयंपाकाला मी ओट्यापासून न हलता गड चढून आले होते.

सेफ्टी पिन सुचवायची सोय नाही, कारण ती सगळ्यांकडे असते आणि वेळेला कोणाकडेच नसते. आईच्या बांगडीत मात्र कायम दोन अडकवलेल्या. लग्नकार्यात तिच्या मनगटाकडे बायका हक्काने हात करायच्या. ही पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने केली आणि १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १५ डॉलरचं देणं फेडायला तो तार वाकवत बसला होता, अशी गोष्ट सांगतात. पेटंट त्याने ४०० डॉलरला विकून टाकलं. आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "मग देणं फिटलं ना?"

आकड्याचा एकच दोष आहे. पर्स काढली की तो दांडीलाच राहतो. ठाण्याच्या गर्दीत उतरताना पर्स ओढून घ्यायची, की आकडा मागे ठेवून गाडी पुढे. असे माझे चार गेले. परवा संध्याकाळी डब्यात चढले तर रॅकला एक निळा आकडा, प्लॅस्टिक एका टोकाला सोललेलं, अगदी माझ्या दुसऱ्यासारखं. त्यावर एका कॉलेजच्या मुलीची सॅक, आणि ती मुलगी खाली बिनघोर झोपलेली. मी पर्समधला पाचवा काढला आणि शेजारी अडकवला.