पिकअपचं इंजिन ठरलं

आजचा दिवस पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, दुसरं इंजिन शोधण्यात गेला. परवा दिवे घाटात धूर ओकायला लागली तेव्हाच कळलं, बाबांच्या पिकअपचं इंजिन संपलं. मेकॅनिककाकांनी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून भसाभसा धूर. पिस्टनच्या रिंगा गेल्या, कॉम्प्रेशनच (सिलिंडरमधला दाब) उरलं नाही.

एकाने कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारं, इंजिन दाखवलं. ताकद जास्त, मोह झालाच! पण मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर सगळंच बदलायचं. शेवटी पहिल्यासारखंच, साध्या पंपाचं घेतलं. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवून पाहिला, इंजिन नंबर कागदाशी ताडला. तो आता आरटीओत जाऊन आरसीवर चढवायचाय.

संध्याकाळी जुनं इंजिन उतरवलं, तेव्हा बाबा त्यावरून फडकं फिरवत राहिले. १४ वर्षं आमचा कांदा मार्केट यार्डात त्यानेच पोचवला.