जुन्या कर्नल मॉड्यूलला नवी ओळख देताना: माझा अनुभव

लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या, २.६.१८ या आवृत्तीसाठी लिहिलेले, फाइल-सेवा देणारे एक मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोड) आजच्या कर्नलवर आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. प्रत्येक विनंती ती करणाऱ्या वापरकर्त्याच्याच हक्कांनी पुरी करायची असल्यामुळे जुना कोड चालू टास्कच्या (कर्नल चालवत असलेल्या कामाच्या) रचनेत एफएस-यूआयडी आणि एफएस-जीआयडी (फाइलींच्या परवानग्या तपासताना वापरले जाणारे वापरकर्त्याचे आणि गटाचे क्रमांक) थेट लिहीत असे आणि काम आटोपले की आधीचे आकडे परत ठेवीत असे. नव्या कर्नलवर या ओळी कंपाइलच होत नाहीत, कारण २००९ मधील २.६.२९ पासून हे आकडे टास्कमधून काढून ‘स्ट्रक्ट क्रेड’ या स्वतंत्र रचनेत ठेवलेले आहेत.

या रचनेचा मुख्य नियम असा, की एकदा लागू झालेल्या क्रेडमधील ओळख बदलायची नाही. ‘प्रिपेअर_क्रेड्स’ने प्रत काढायची, बदल त्या प्रतीत करायचे आणि मग ती एकदम लागू करायची. त्यामुळे इतर टास्कना लॉक न घेता आरसीयूच्या (असे वाचन सुरक्षित ठेवणाऱ्या कर्नलमधील पद्धतीच्या) आधारे क्रेड वाचता येते, आणि मध्येच काही चुकले तर प्रत टाकून देता येते, अर्धवट बदललेली ओळख मागे राहत नाही. सुरुवातीला हा सगळा सोपस्कार मला जड वाटला. पण जुन्या कोडमधील त्रुटी-हाताळणीच्या कितीतरी ओळी त्यामुळे गळून पडल्या.

आमचा बदल एका विनंतीपुरता असल्याने कायमचा बदल करणाऱ्या ‘कमिट_क्रेड्स’ऐवजी तात्पुरता बदल करणारे ‘ओव्हरराइड_क्रेड्स’ आणि शेवटी ‘रिव्हर्ट_क्रेड्स’ ही जोडी योग्य होती. क्लायंटकडून आलेला आकडा ‘मेक_केयूआयडी’मधून (आकड्याचे कर्नलच्या अंतर्गत यूआयडीत रूपांतर करणाऱ्या फंक्शनमधून) नेऊन तो वैध आहे ना, हे तपासणे फारसे कठीण गेले नाही. पहिली खरी अडचण आली ती हक्कांची. प्रतीत एफएस-यूआयडी १००० लिहिला तरी सेवेच्या थ्रेडचे रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) कॅपेबिलिटी-हक्क, म्हणजे नेहमीच्या परवानग्या ओलांडू देणारे विशेष हक्क, तसेच राहतात. सेटएफएसयूआयडी हा सिस्टम कॉल फाइलसंबंधीचे हक्क आपण होऊन काढतो, हाताने लिहिलेल्या प्रतीत ते कोणी काढत नाही. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी प्रणाली) सर्व्हरचा कोड वाचला तेव्हा दिसले, की वापरकर्ता रूट नसेल तर तो हे हक्क प्रभावी संचातून वगळतो. मीही तसेच केले, आणि तेही गटांची चाचणी घेण्याआधी. नाहीतर परवानगी असो वा नसो, प्रत्येक फाइल उघडलीच असती.

गटांचा भाग मला सर्वांत रंजक वाटला. गटांच्या यादीत शोध द्विभाजन पद्धतीने (दरवेळी उरलेली यादी मधोमध विभागून) होत असल्यामुळे यादी क्रमवार असावीच लागते, आणि २०१७ च्या अखेरीस झालेल्या बदलानंतर प्रतीत गटांची यादी बसवणारे ‘सेट_ग्रुप्स’ ती क्रमाने लावून देत नाही. ती जबाबदारी यादी तयार करणाऱ्याची असते. त्यामागचे कारण असे, की एनएफएसचे अनेक थ्रेड कॅशमधील एकच यादी एकाच वेळी क्रमाने लावू लागत आणि ती बिघडून क्लायंटना परवानगी नाकारली जाई. याचा परिणाम प्रत्यक्ष पाहावा म्हणून मी मुद्दाम ३०००, ५००, १२०० अशी न लावलेली यादी दिली. शोध मधल्या ५०० पासून सुरू होतो, पुढे १२०० कडे जातो आणि तिथेच संपतो. म्हणून ५०० आणि १२०० या गटांच्या फाइली वाचता आल्या, ३००० च्या गटाची मात्र नाकारली गेली. असा दोष वरवरच्या चाचणीत सापडणे अवघडच. आता यादी कॅशमध्ये ठेवण्यापूर्वी एकदाच ‘ग्रुप्स_सॉर्ट’ होते.

पडताळणीची जुनी पद्धतही बदलावी लागली. प्रॉकमधील (चालू टास्कची माहिती दाखवणाऱ्या /proc निर्देशिकेतील) स्टेटस फाइलच्या यूआयडी ओळीत खरा, प्रभावी, जतन केलेला आणि फाइलप्रणालीचा असे चार आकडे असतात, आणि आमची जुनी स्क्रिप्ट त्यातला चौथा पाहत असे. पण टास्ककडे क्रेडचे दोन पॉइंटर असतात: इतरांना ती टास्क कोण म्हणून दिसते त्याचा एक, आणि ती स्वतः कोण म्हणून वागते त्याचा दुसरा. ओव्हरराइडने फक्त दुसरा बदलतो, प्रॉक पहिला दाखवते. त्यामुळे फाइल १००० च्या नावाने तयार होत असतानाही स्क्रिप्टला चारही ठिकाणी शून्यच दिसे. ती स्क्रिप्ट मी काढून टाकली आणि मॉड्यूलमध्येच एक ट्रेसपॉइंट (कोड चालताना नोंद करणारी जागा) ठेवला, जो विनंती सुरू होताना आणि संपताना ‘करंट_एफएसयूआयडी’ छापतो.