तिघांनी एकाचंच नाव घेतलं

पार्किंगमधून गाडी बाहेर काढली की शंभर-दीडशे मीटरच्या आत स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर यायचा. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, ट्रॅक्शनचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, सगळे एकदम पेटायचे आणि स्टिअरिंग जड व्हायचं. दोन-तीन सेकंदांत काटा परत जागेवर. दिवे मात्र गाडी बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तसेच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा होणारा हा प्रकार पुढे रोज सकाळचा झाला.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. इंजिन, स्टिअरिंग आणि डॅशबोर्डचा मीटर, तिन्ही मॉड्यूलच्या (म्हणजे त्या-त्या भागाच्या छोट्या कंप्युटरच्या) मेमरीत एकच कोड: यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. खुद्द एबीएसच्या मेमरीत व्होल्टेज कमी मिळाल्याचा जुना कोड. त्यावरून आधी बॅटरी बदलली. फरक शून्य. मग मिस्त्री म्हणाले, "एबीएसचं मॉड्यूलच गेलंय. तिघं जण त्याचंच नाव घेतायत, अजून काय पाहिजे?"

मला ते पचलं नाही. यू वाले कोड म्हणजे शेजाऱ्यांच्या तक्रारी. अमका बोलत नाही एवढंच त्यातून कळतं. तो आजारी आहे, त्याची वायर तुटलीय की त्याला जेवणच मिळालेलं नाही, हे तक्रार करणाऱ्याला कसं कळणार? मॉड्यूल महागडं, शिवाय नवं बसवलं की कोडिंग आलं. म्हटलं, आधी आपण मोजू.

सुरुवात वायरिंगपासून केली. ही मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबलो आणि डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं: ६०.४ ओहम. दोन १२० समांतर आले की ६० यायलाच हवेत. एक टोक तुटलं असतं तर १२० दिसले असते, वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या तर शून्याच्या आसपास. (सॉकेट आणि बसच्या मधे गेटवे नावाचं मॉड्यूल असलेल्या गाड्यांत हे आकडे सॉकेटवर दिसतीलच असं नाही, तिथे वायरिंगचा नकाशा बघूनच मोजावं.) बॅटरी जोडून चावी फिरवली. एका वायरीवर २.६ व्होल्ट, दुसरीवर २.४. ठीकच. एबीएसचा कनेक्टर उघडला तर पिना लख्ख, पाण्याचा मागमूस नाही. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून, दाबून, पिळून पाहिला. ओहमचा आकडा जागचा हलेना.

यात दोन रविवार गेले आणि मिस्त्रींचंच खरं असं वाटायला लागलं.

मग एक गोष्ट डोक्यात आली. बिघाड खड्ड्यात होत नाही, पावसात होत नाही, हायवेवर तासभर चाललो तरी होत नाही. होतो तो फक्त निघाल्या-निघाल्या. आणि नेमकं त्याच वेळी, गाडीने थोडा वेग घेतला की, एबीएस आपला पंप क्षणभर फिरवून स्वतःची तपासणी करतं. काच खाली असेल तर घर्र असा आवाजही येतो. पंप म्हणजे मोटर, ती करंट ओढणारच.

मीटर व्होल्टवर ठेवला. लाल टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) वायरीला टेकवलं, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी फिरवली: ०.०३ व्होल्ट. उत्तम अर्थिंग. इथेच थांबलो असतो तर मॉड्यूल बदललंच असतं. पण स्कॅनरमधून पंप चालवायची टेस्ट दिली आणि आकडा ३.८ वर उडाला. पुन्हा दिली, पुन्हा तेच. अर्थच्या वाटेतच जवळजवळ चार व्होल्ट जिरत होते आणि मॉड्यूलच्या वाट्याला साडेआठ उरत होते. तेवढ्या व्होल्टेजवर ते बिचारं गप्प बसायचं. चाकांचा वेग तेच सगळ्यांना सांगत असल्यामुळे स्पीडोमीटर शून्यावर यायचा. ओहममध्ये मोजलं असतं तर ०.३ दिसले असते, आणि तेवढे तर मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच असतात.

वायर धरून गेलो तो बॅटरीच्या ट्रेखाली पोचलो. अर्थचा बोल्ट वरून व्यवस्थित घट्ट. खोलला तर लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) खाली पांढरट-हिरवी भुकटी, आणि वायरीचं इन्सुलेशन दोन इंच सोललं तरी आतली तांब्याची तार काळीच. जुन्या बॅटरीतून झिरपलेल्या ॲसिडचा प्रताप असणार. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापली, नवा लग क्रिंप केला, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन चोपडलं. पंपाची टेस्ट पुन्हा दिली. ०.०८ व्होल्ट.

कोड पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काच खाली घेऊनच निघालो. घर्र आवाज आला, काटा शून्यावर पडला नाही. आता तीन महिने झालेत, मेमरी रिकामी आहे. मिस्त्रींना तो लग नेऊन दाखवला. त्यांनी तो बोटांनी चुरडून पाहिला आणि विचारलं, "म्हणजे बॅटरी उगाच बदलली?"